कशावर बसलं होतं?

आमच्या ग्रुपच्या नोंदवहीत फुलपाखरं कमी आहेत आणि आमच्या भानगडी जास्त. फुलपाखरू दिसलं की सह्यांसकट नोंद होते, आणि भानगड झाली की 'हे कुठे बोलायचं नाही' असं गाडीत बसता बसता ठरतं. त्यामुळे फुलपाखरं वहीत गेली आणि भानगडी माझ्या डोक्यात साठत राहिल्या. आता डोक्यात जागा उरली नाही. शिवाय मे महिना आहे, दुपारी चारपर्यंत तुम्ही काही उठून जात नाही, तेव्हा ऐकाच.

ग्रुप म्हणजे चार माणसं आणि माझी गाडी. भोयर सर आमचे म्होरके. ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही रिटायर झालं नाही. पांढरी भरघोस मिशी, ती बोटानं सारखी करत बोलतात. चाफले बँकेत आहे आणि त्याच्याकडे कॅमेरा आहे. खरं म्हणजे कॅमेऱ्याकडे चाफले आहे. थूलभाऊ वीज खात्यात लाइनमन होते, नाचणगावला घर. आयुष्य खांबावर गेल्यामुळे नजर अशी की आम्ही दुर्बीण पुसत असतो तेव्हा ते फुलपाखराच्या पंखावरचे ठिपके मोजून मोकळे झालेले असतात. चौथी मी. वर्ध्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढते. मला फुलपाखरांतलं काही कळतं म्हणून ग्रुपमध्ये घेतलं, असा माझा बरेच दिवस समज होता. गाडी होती म्हणून घेतलं होतं. पुढे अक्षर बरं निघालं म्हणून वहीही गळ्यात आली.

लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. आम्ही शेहेचाळीस डिग्रीत कोरड्या नाल्यात जाऊन बसतो. सरांचं म्हणणं असं की उन्हाळ्यात पाणी आटतं, मग जिथे थोडी ओल असेल तिथे फुलपाखरं गोळा होतात. तर्क अगदी बरोबर आहे. ओल शोधत फुलपाखरं येतात आणि आमच्या घामावर बसतात.

वहीचे नियम सरांनी केले आहेत. दिनांक, वेळ, ठिकाण, कशावर बसलं होतं, साक्षीदार एक, साक्षीदार दोन. सगळे रकाने भरले तर नोंद शाईनं. एखादा रिकामा राहिला तर पेन्सिलनं. आणि यंदा सरांनी जाहीर केलं की जिल्ह्यातल्या फुलपाखरांची पुस्तिका छापायची. शाईच्या नोंदी छापल्या जातील, प्रत्येकीखाली पाहणाऱ्याचं नाव. पेन्सिलच्या नोंदी मे संपायच्या आत पूर्ण करा, नाहीतर खोडरबर.

अख्ख्या वहीत पेन्सिलची नोंद एकच होती. थूलभाऊंचा ब्लॅक राजा.

*

तो राजा दिसला त्याला चार उन्हाळे झाले. आष्टीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक नाला आहे, तिथे आम्ही गेलो होतो. दुपारी मी आणि चाफले नाल्याच्या वरच्या अंगाला होतो. सरांना ऊन लागलं होतं, म्हणून ते खाली चिंचेच्या सावलीत आडवे झाले होते. थूलभाऊ गाडीतून पाण्याची कॅन आणायला गेले आणि दहाएक मिनिटांत अनवाणी परत आले. आवाज होऊ नये म्हणून चपला मागेच ठेवल्या होत्या.

"ताई, राजा हाये. काळा, पांढरा पट्टा, दोन शेपट्या. चला लवकर, पण बोलू नका."

आम्ही गेलो. चिंचेखाली सर उठून बसले होते आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत होते. राजा नव्हता.

सरांनी तिथेच चौकशी सुरू केली. वेळ? एक चाळीस. ठिकाण? हीच चिंच. कशावर बसलं होतं? थूलभाऊ जमिनीकडे बघू लागले.

"पानावर? खोडावर? जमिनीवर?"

"बसलं होतं सर. कुठतरी बसलंच होतं."

"कुठतरी असा रकाना नाही," सर म्हणाले आणि माझ्या हातातलं पेन काढून पेन्सिल दिली. त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात एकदा तरी सर विचारतात, थूलभाऊ जमिनीकडे बघतात आणि नोंद तशीच राहते. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, पानावर लिहून टाकू का? कोणाला कळतंय?"

"पानावर नोतं ना ताई. खोटं कसं लिहू?"

"मग खरं सांगा."

"तेबी नाई सांगता येत," ते म्हणाले आणि टॉवेल झटकून पुढे चालू लागले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता सांगायला हरकत नाही, थोडा संशयही आला होता.

*

अल्लीपूरकडे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रुईचं झाड आहे. त्यावर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालत होतं आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती ओणवे होऊन बसलो होतो. सकाळचे अकरा, पण ऊन मी म्हणत होतं. शेताचे मालक लांबून आम्हाला बघत बघत आले.

"काय हरवलं जी?"

"हरवलं नाही. फुलपाखरू बघतोय," सर म्हणाले.

तेही ओणवे झाले. फुलपाखराकडे बघितलं, मग एकेकाकडे बघितलं. "हे? हे त रोज राह्यते इथं."

सरांची मिशी फुलली. "रोज? किती वाजता बघता तुम्ही?"

"मी काऊन पाहू? मले काम राह्यते." मग माझ्याकडे वळून त्यांनी फार मायेनं विचारलं, "ताई, घरी कोणी बोलत नाई का तुमच्याशी?"

आम्ही सरळ गाडीत जाऊन बसलो. चाफल्यानं फक्त एसी वाढवायला सांगितला.

*

'कशावर बसलं होतं' या रकान्यावर सरांचा भारी जीव. ते म्हणतात, फुलपाखरू काय, कोणीही पाहील, ते कशावर बसलं हे पाहतो तो खरा निरीक्षक. एकदा एका बॅरोनेटनं आमची परीक्षाच घेतली. सुंदर केशरी फुलपाखरू, चकाचक, आणि बसलं कुठे, तर शेणावर. मी लिहिलं, 'शेण.'

"कोणाचं?" सरांनी विचारलं.

चाफले म्हणाला गायीचं. थूलभाऊ म्हणाले म्हशीचं. एम. एस्सी. झालेले, बँकेत ऑफिसर असलेले आणि तीस वर्षं सरकारी नोकरी केलेले असे तीन पुरुष त्या शेणाभोवती उकिडवे बसून अर्धा तास वाद घालत होते, आणि मी छत्री धरून उभी होते. शेवटी गुराखी आला. त्यानं वरूनच एक नजर टाकली.

"हे आमच्या भुरीचं होय. ते काय, तिकडं उभी हाये म्हैस. काल सरकीची ढेप जास्त खाल्ली तिनं, सकाळपासून पोट बिघडून हाये तिचं."

"लिहा मॅडम," सर म्हणाले. "म्हैस, नाव भुरी, पोट बिघडलेलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"बघता काय? लिहा. विज्ञानात लाज नसते."

तशी नोंद आहे, शाईनं. पुस्तिकेत छापून येणार आहे. भुरीला एक प्रत द्यायला हवी.

*

आता दोन साक्षीदारांच्या नियमाचं सांगते. सरांना तो प्राणाहून प्रिय. एकट्याचे डोळे फसतात, दोघांचे फसत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत.

एका सकाळी नदीच्या पात्रातल्या वाळूत चाफल्याला लांबवर निळं-चंदेरी काही तरी दिसलं. पंख उघडत होतं, मिटत होतं. सरांनी दुर्बीण लावली. "ऊन खातंय. आपल्याकडे न दिसणारी जात वाटते. सरपटत चला."

सरपटत म्हणजे सरपटत. तापलेल्या वाळूवरून कोपरं भाजत आम्ही पन्नास पावलं गेलो. चाफल्यानं वाटेत शंभरेक फोटो काढले. सरांनी अर्ध्या वाटेतच मला नोंद सांगायला सुरुवात केली. कशावर? ओल्या वाळूवर. साक्षीदार एक, भोयर. साक्षीदार दोन, चाफले. मीही म्हटलं, दिसतंय खरं काहीतरी, म्हणजे तिसरी साक्षही झाली. थूलभाऊ मात्र उभेच होते.

"सर, ते पुडी हाये. गुटख्याची."

"थूल, आवाज करू नका."

"फाटकी पुडी हाये सर. हवेनं हालून राह्यली."

"तुमच्या म्हणण्याला दुसरा साक्षीदार आहे?" सरांनी पोटावर पडल्या पडल्याच विचारलं.

नव्हता. पुडी आम्ही हातात घेईपर्यंत ती शाईनं नोंदलेली होती. ती ओळ सरांनी स्वतः खोडली, पण खाली थूलभाऊंचं म्हणणं काही लिहू दिलं नाही. नियमात बसत नव्हतं.

*

पुढचा किस्सा राजाच्याच दिवशीचा, परतीच्या वाटेवरचा.

ब्लॅक राजा फुलांकडे ढुंकून बघत नाही. त्याला आंबलेलं लागतं. म्हणून सरांनी त्या दिवशी आमिष करायला लावलं होतं. कुजकी केळी, गूळ आणि मोहाची दारू असं कालवून झाडांच्या खोडांना फासायचं. मोहाची बाटली चाफल्यानं आणली. कुठून ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे मिळायला तसा त्रास नसतो. सरांनी मात्र बाटली दुपट्ट्यात गुंडाळून स्वतःजवळ ठेवली. असली वस्तू जबाबदार माणसाकडे असलेली बरी, असं म्हणाले. थूलभाऊ पंचशील पाळणारे. त्यांनी बाटलीला हातही लावला नाही, फक्त केळी कुस्करली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास रस्त्यावर पोलिसांची तपासणी लागली. हवालदारांनी डिकी उघडली आणि दोन पावलं मागे सरले.

"हे काय हाये?"

"फुलपाखरांसाठी आहे," मी म्हटलं.

"फुलपाखरू दारू पिते?"

"पितं. मग त्याला उडता येत नाही."

"अशे त आमच्याकडं लय येते," हवालदार म्हणाले आणि दुपट्ट्यातून बाटली बाहेर काढली. उजेडात धरली. "अर्धीच हाये. बाकीची?"

मी चाफल्याकडे पाहिलं. चाफल्यानं थूलभाऊंकडे पाहिलं. थूलभाऊ रस्त्याकडे पाहत होते. पुढच्या सीटवरून, तोंड दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर ठेवून, सर म्हणाले, "थोडी झाडांना फासली. बाकीची उडाली. एवढ्या तापमानात अल्कोहोलचं बाष्पीभवन होतं."

"सर, माही अख्खी नोकरी दारूबंदीत गेली. मी अजून उडताना नाई पाह्यली."

पंचनामा करायचा म्हणाले. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना उन्हानं करपलेली पराटीची, म्हणजे कापसाची, शेतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. "पंचनाम्याले दोन साक्षीदार लागते," हवालदार वैतागून म्हणाले. "इथं एकबी नाई. ओता हे अन् निघा."

दोन साक्षीदारांच्या नियमानं कोणाचं भलं झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सरांना मी तसं म्हटलंही, पण तोवर ते सीटवर मान टाकून गाढ झोपले होते. ऊनच तसं लागलं होतं त्यांना.

*

थूलकाकूंचा आमच्यावर राग आहे आणि त्या तो लपवत नाहीत. या एप्रिलमध्ये मी भाऊंना घ्यायला नाचणगावला गेले, सरही गाडीत होते. काकू दारातच उभ्या.

"सर, तुमी त्याईचं नाव पुस्तकातून काढून राह्यले म्हणे."

"मी काढत नाही वहिनी. नियम काढतो."

"तीस वर्षं हा माणूस खांबावर चढला. तारेत करंट हाये का नाई, एकट्यानं पाह्यलं. तवा नाई म्हटलं कोणी, थूल, दुसरा साक्षीदार आण."

सरांनी मिशी सारखी केली. "दुसऱ्या साक्षीदाराचं एक वेळ बघता येईल. पण ते कशावर बसलं होतं, हेच ते सांगत नाहीत. मग मी काय समजायचं?"

काकूंनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी मान हलवली, नाही म्हणून. काकू आत गेल्या आणि भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवशी गाडीत भाऊ मागे बसले होते. नाल्यावर पोचेपर्यंत त्यांनी एकही फुलपाखरू दाखवलं नाही. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि मला फार वाईट वाटलं. पुडीला तीन साक्षीदार मिळाले होते आणि या माणसाला चार वर्षांत एक मिळाला नव्हता.

*

मे संपत आला. वही बंद करायचा दिवस सरांनी ठरवला आणि जागा भाऊंनी मागून घेतली, आमच्याच घरी या म्हणाले. सकाळी आठला आम्ही त्यांच्या अंगणात निंबाखाली खुर्च्या टाकून बसलो. सरांनी वही मांडीवर घेतली आणि खिशातून कोरं करकरीत खोडरबर काढलं. वासाचं होतं. नातवाच्या कंपासातलं असावं.

"थूल, शेवटचं विचारतो. कशावर बसलं होतं?"

भाऊंनी खुर्ची जरा सावलीत सरकवली.

"हे बघा, मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण तुम्ही लपवताय. का लपवताय? शेणावर बसलं असेल तर शेण लिहा. आपण भुरीचं लिहिलं की नाही?"

"शेण नोतं सर."

"मग त्याहून वाईट काही असेल तर ते लिहा. काहीही असो. विज्ञानात लाज नसते, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतोय?"

काकू पन्ह्याचा जग घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"लिहून टाका ना जी आता," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाकलं तुमी. सर सोताच म्हणून राह्यले ना, लिहा म्हणून."

"सर, नक्की लिहू?" भाऊंनी विचारलं.

"लिहा. माझी आज्ञा समजा."

भाऊंनी चष्मा लावला. वही माझ्याकडे न देता स्वतःच्या गुडघ्यावर घेतली, माझं पेन मागितलं आणि त्या रिकाम्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं. मग वही सरांच्या पुढे केली आणि स्वतः निंबाच्या शेंड्याकडे बघत बसले. चाफले आणि मी दोन्ही बाजूंनी वाकलो.

कशावर बसलं होतं: भोयर सरांच्या मिशीवर.

पुढे कंसात, बारीक अक्षरात: सोंड बाहेर. अंदाजे चार मिनिटे.

सरांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. खोडरबर त्यांनी खिशात टाकलं. मग त्यांनी माझं पेन घेतलं, 'साक्षीदार दोन' या रकान्यात स्वतःची पूर्ण सही केली, खाली तारीख टाकली आणि वही मला देत म्हणाले, "मॅडम, ही ओळ शाईनं गिरवा. पुस्तिकेत पहिल्या पानावर घ्या. खाली नाव, थूल."

थूलभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसत होते.

चाफल्याला गप्प बसवत नाही. तो म्हणाला, "पण सर, तुम्ही तर तेव्हा झोपले होते ना?"

"डोळे मिटले होते," सर म्हणाले. "मिशी जागी होती."

काकूंनी ग्लास भरला आणि पदरानं धरून सरांच्या पुढे केला.

"घ्या सर," त्या म्हणाल्या. "पन्हं हाये. नुसतं पन्हंच हाये."